ट्रकमधल्या रेडिओची खरखर आणि माझे १७,००० रुपये
२०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि सावर्ड्यातल्या आम्हा ट्रकवाल्यांना दुसरं भाडं शोधावं लागलं. मी आणि धाकटा भाऊ बेळगावहून माल आणतो, दोन गाड्या मागेपुढे, अनमोड घाट उतरून. घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाईल चालत नाही, म्हणून गाडीत सीबी रेडिओ, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा सेट. २७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा ५ वॅटपर्यंत विनापरवाना वापरता येतो. भावाच्या गाडीत सेट आधीपासून होता. माझ्या गाडीत एका वायरमनने बसवून दिला.

ट्रकचा करंट २४ व्होल्टचा, सेटला लागतो १२. म्हणून मधे कन्व्हर्टर घालावा लागतो. तोही त्यानेच आणला, प्लास्टिकच्या डबीतला. पहिल्या दिवसापासून सेटमध्ये अशी खरखर, की भावाचे शब्द कळेनात.

वायरमन म्हणाला, डायनामोचा त्रास आहे. १,५०० चा फिल्टर लावला. फरक शून्य. मग म्हणाला डायनामोच गेलाय. ७,००० घेऊन दुसरा बसवला, जुना मागितला तर "भंगारात गेला". खरखर तशीच. शेवटी ८,५०० चा बूस्टर. तो लावल्यावर त्याने सेटवरचं एक बटण हळूच फिरवलं आणि म्हणाला, "ऐका आता." केबिनमध्ये चिडीचूप. मी खूश होऊन पैसे मोजले. बिल मागितलं तर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला.

त्याच आठवड्यात, रात्री अकराची वेळ, पाऊस आणि धुकं. भाऊ दोन वळणं पुढे होता. त्याच्यापुढे एक ट्रेलर आडवा अडकला. "दादा, थांब, रस्ता बंद आहे," असं तो पाच-सहा वेळा ओरडत होता. माझ्या सेटमधून चकार शब्द आला नाही. त्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसले तेव्हा ब्रेकवर उभा राहिलो. भरलेली गाडी घसरत गेली आणि त्याच्या फाळक्यापासून दोन हातांवर थांबली. तो खाली उतरून माझ्या दाराशी आला, थरथरत होता. "दादा, बोलत का नाहीस?" एवढंच म्हणाला.

वास्कोला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, जन्मभर तारवटी म्हणजे खलाशी, बोटीवर रेडिओ सांभाळायचे. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा ते बटण उलटं फिरवलं आणि खरखर परत आली. ते बटण स्क्वेल्चचं. त्याने सिग्नल साफ होत नाही, ठरावीक ताकदीखालचं सगळं गप्प होतं. पूर्ण फिरवलं तर समोरचा माणूसही गप्प.

मग त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. खरखर चालूच. "अरे बाबा, डायनामो फिरत नाही, मग आवाज कोण करतंय?" डायनामोचा आवाज शिट्टीसारखा असतो, ॲक्सिलरेटर दाबला की चढतो. माझा एकसुरी होता, मी कधी नीट कान देऊन ऐकलंच नव्हतं. नंतर अँटेनाची वायर सेटपासून सोडवली, तरी आवाज तसाच. म्हणजे तो हवेतून येत नाही, करंटच्या वायरीतून येतोय. शेवटी सेट एका सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला. एकदम स्वच्छ. दोष त्या प्लास्टिकच्या कन्व्हर्टरचा, वायरमनने स्वतः आणलेल्या. या सगळ्याला दहा मिनिटं लागली आणि पैसा एकही लागला नाही.

बूस्टर तर त्यांनी लगेच काढायला लावला. तो फक्त आपला आवाज मोठा करून पाठवतो, येणारी खरखर त्याने कमी होतच नाही, आणि ५ वॅटच्या वर गेलात की तो गुन्हा. आरतीच्या वेळी देवळाच्या स्पीकरमधून माझं बोलणं का ऐकू आलं होतं, ते मला तेव्हा कळलं. पुजाऱ्यांची जाऊन माफी मागितली.

आता धातूच्या पेटीतला चांगला कन्व्हर्टर घेतलाय. दोन्ही बॅटऱ्यांवरून सरळ वायर, बॅटरीजवळच फ्यूज. कोणी सांगेल की दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घ्या, कन्व्हर्टर कशाला. ऐकू नका. एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, दोन्ही लवकर मरतात. आणि पुढे झुकणारी केबिन रबरी बुशांवर असते, तिला चासीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी नीट आहे ना ते बघून घ्या.

वायरमनकडे दोनदा गेलो. डायनामो परत नाही, पैसे नाहीत, आणि पक्कं बिल नसल्यामुळे तक्रारीला हातात कागद नाही. तो जुना कन्व्हर्टर मात्र मी जपून ठेवलाय. ज्याच्या सेटमध्ये अशी खरखर असेल त्याने नवीन डायनामोचे पैसे देण्याआधी सावर्ड्याला यावं, मी लावून ऐकवतो.