जुना कार्ब्युरेटर दुकानात ठेवून येऊ नका

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आज जिथे टेस्लाचा कारखाना आहे, तिथे एके काळी जनरल मोटर्सच्या गाड्या तयार होत. १९६९ साली तिथून बाहेर पडलेली एक शेव्हेल एसएस ३९६ (३९६ म्हणजे इंजिनाचे घनइंच) गेली आठ वर्षे माझ्याकडे आहे. ३२५ अश्वशक्तीचे इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि आठवड्यातून एकदोनदा रस्त्यावर फेरफटका, एवढाच तिचा संसार. या गाडीचा मूळ कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, मी स्वतःच्या सहीने कसा घालवला, ते सविस्तर लिहीत आहे, कारण बे एरियात जुन्या गाड्यांचा नाद असलेली आपली मंडळी आता बरीच झाली आहेत आणि माझी चूक कोणाच्याही हातून सहज होऊ शकते.

गाडीचा आजार किरकोळ होता. दोन दिवस उभी राहिली की चालू व्हायला फार वेळ घेई आणि अधूनमधून पेट्रोलचा वास येई. रॉचेस्टर क्वाड्राजेट या तिच्या मूळ कार्ब्युरेटरमध्ये हे दोष नेहमीचे आहेत: तळाच्या बुचांतून पेट्रोल झिरपून कार्ब्युरेटरमधली छोटी टाकी रिकामी होते, आणि तिच्यात तरंगणारा फोमचा फ्लोट वर्षानुवर्षे पेट्रोल शोषून जड झाला की इंधनाची पातळी वाढते. दोन्ही दोष थोडक्या खर्चात दूर होतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्या दुकानात मी गाडी नेली, तिथे मात्र ते नक्कीच ठाऊक असणार.

दुकानदाराने झाकण उघडून पाहिले, मान हलवली आणि ‘हा क्वाड्राजंक आहे, निव्वळ भंगार, फेकून द्या’ असे सांगितले. त्याऐवजी ७५० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ७५० घनफूट हवा ओढू देणारा, हॉली कंपनीचा डबल पंपर कार्ब्युरेटर बसवावा, असा त्याचा सल्ला होता. इतका मोठा कशाला, असे मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘तुमचा जुनासुद्धा ७५०चाच आहे.’ हे वाक्य खरे होते, आणि त्या खरेपणामुळेच मी फसलो.

हिशेब घरी पाच मिनिटांत करता आला असता. इंजिनाचे घनइंच गुणिले जास्तीत जास्त फेरे, भागिले ३४५६. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात आणि चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेते, म्हणून त्याची दुप्पट. ३९६ गुणिले ५५०० भागिले ३४५६ केल्यास ६३० येतात. रस्त्यावरचे इंजिन त्याच्या सुमारे ८५ टक्केच हवा घेते असे धरले, तर गरज उरते ५३५ सीएफएमच्या आसपास. मग क्वाड्राजेट ७५०चा असून चालतो कसा? त्याची पुढची दोन बॅरल, म्हणजे हवा आत ओढणारी भोके, जेमतेम १.३८ इंचांची असतात, म्हणून कमी वेगात हवा जोराने वाहते आणि पेट्रोल नीट फवारले जाते. मागची दोन २.२५ इंचांची असली, तरी त्यांच्यावरची झडप इंजिन मागेल तेवढीच उघडते. डबल पंपरची चारही बॅरल १.६९ इंचांची असतात, आणि मागची दोन पायाच्या दाबाबरोबर सरळ उघडतात, इंजिनाला हवा पेलो वा न पेलो. हलकी गाडी, हाताचे गिअर आणि शर्यतीची पट्टी असेल, तर तो उत्तम. माझ्या जड, ऑटोमॅटिक गाडीला नवाच हवा होता, तर व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीनुसार, उघडणारा ६००चा पुरेसा झाला असता.

सगळे मिळून १,१८० डॉलर झाले. हॉलीची बैठक वेगळी असल्याने मध्ये अडॅप्टर घालावा लागला. थंड इंजिन चालू करताना हवा अडवणाऱ्या मूळ चोकची कांडी मॅनिफोल्डमधून, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या नळ्यांच्या भागातून, येते. ती नव्या कार्ब्युरेटरला जोडता येईना, तेव्हा चोकची पट्टी चक्क तारेने उघडी बांधून ठेवली होती. सिग्नलवरून निघताना गाडी आधी गुदमरायची आणि मग उसळायची. प्लग काजळीने काळे पडले, तेलाच्या पट्टीला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि गॅलनमागे १३ मैल जाणारी गाडी ८वर आली. ‘थोडी चालवा, बसेल,’ असे मला तीन वेळा सांगण्यात आले. (कार्ब्युरेटर म्हणजे कोल्हापुरी चप्पल नव्हे, तो वापरून सैल होत नाही.)

अखेर सॅन होजे येथील एका निवृत्त कारागिराला गाडी दाखवली. त्याने वरच्या कडेवरचा लिस्ट क्रमांक, म्हणजे हॉलीचा मॉडेल क्रमांक, बोटाने चाचपला: ४७७९ वाचता येत होते, पण त्याखालचा तारखेचा आकडा घासून काढलेला होता. आत पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या खाचा पेचकसाने झिजलेल्या आणि कोपऱ्यांत पांढरा गंज. नवा म्हणून विकलेला तो कार्ब्युरेटर जुनाच होता. वरून फक्त सोनेरी मुलामा दिलेला. मग त्याने विचारले, ‘जुना कुठे आहे?’

जुना दुकानातच राहिला होता. पावतीवर बारीक अक्षरांत ‘कोअर एक्स्चेंज’, म्हणजे जुन्या भागाच्या बदल्यात दुसरा, असे लिहिलेले होते आणि खाली माझी सही होती. काम देतानाच मागितले तर बदललेले सुटे भाग परत द्यावे लागतात, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे; मात्र अदलाबदलीत पुरवठादाराकडे परत जाणारे भाग नुसते दाखवले तरी पुरते. त्या दोन शब्दांनी हीच पळवाट तयार केली होती. वास्तविक नव्या हॉलीसाठी कोणी जुना भाग मागत नाही. ती पद्धत दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या कार्ब्युरेटरची. माझ्या क्वाड्राजेटच्या बाजूवर ७०२९ने सुरू होणारा क्रमांक होता, म्हणजे १९६९चा, आणि शेजारी ०४५९: शेवटचा ९ वर्षाचा, आधीचे ०४५ म्हणजे त्या वर्षाचा ४५वा दिवस, १४ फेब्रुवारी. गाडी मार्चमध्ये तयार झालेली. गाडीशी असा जुळणारा कार्ब्युरेटर शोधणारे लोक कोणत्याही नव्या हॉलीपेक्षा जास्त पैसे मोजतात. हे आकडे मला ठाऊक आहेत, कारण गाडी घेताना सहज काढलेल्या एका फोटोत ते आले होते. तुमच्या गाडीचा असा फोटो नसेल, तर आजच काढा, आणि जुना भाग परत हवा असल्याचे किल्ली देण्याआधी कामाच्या कागदावर लिहून घ्या.

राज्याच्या ऑटोमोटिव्ह रिपेअर ब्युरोकडे मी फोटो आणि पावतीसह तक्रार केली. त्यांच्या मध्यस्थीनंतर दुकानाने कार्ब्युरेटरचे पैसे परत केले, मजुरीचे केले नाहीत. क्वाड्राजेट ‘भंगारात गेला’ असे लेखी उत्तर आले. सॅन होजेच्या कारागिराने मला दुसरा शोधून दिला, बुचे बंद केली, नवा फ्लोट घातला. चोकची कांडी पुन्हा जागेवर बसली आणि गाडी पहिल्या किल्लीला चालू होते. या दुसऱ्या क्वाड्राजेटवरचा आकडा मात्र १८३९ आहे, म्हणजे २ जुलै. माझी गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने तयार झालेला.