पोकरटीएच: छोटा बँकरोल सांभाळायला शिकवणारं फुकटचं टेबल

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मोठ्या ॲप्सनी पैशांची टेबलं उचलली. पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्यापुढे टिकत नाही. पैसे भरायचे आणि पैसे जिंकायची आशा ठेवायची, असा खेळ दोन्ही अर्थांनी त्यात अडकतो. पन्नास-शंभर रुपयांच्या टूर्नामेंट मन लावून खेळणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. महाराष्ट्रात कॅसिनो नाही, आणि नाशिकहून गोव्याला जाऊन कमी रकमेची टूर्नामेंट खेळायची म्हटलं तर निम्मा बँकरोल (खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम) प्रवासात आणि लॉजच्या भाड्यात जातो. टेलिग्रामवर फिरणाऱ्या परदेशी साइटच्या लिंक तर पूर्ण टाळा. तिथे पैसे अडकले की दाद मागायला जागाच नसते.

मग सराव कुठे करायचा? पोकरटीएच हे संगणकावर चालणारं, मुक्त स्रोत आणि पूर्ण फुकट सॉफ्टवेअर या कामासाठी आम्हाला सगळ्यांत सरळ वाटतं. विंडोज, लिनक्स आणि मॅकवर ते चालतं. खेळ एकच, नो-लिमिट टेक्सास होल्डेम: हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक, आणि बोलीला वरची मर्यादा नाही. एका टेबलावर जास्तीत जास्त दहा जण. संगणकाच्या खेळाडूंशी ऑफलाइन खेळता येतं, एकाच वाय-फायवरच्या मित्रांशी खेळता येतं आणि इंटरनेटवर जगभरच्या लोकांशीही. चिप्स विकत घ्यायची खिडकी मध्येच उघडत नाही, 'फक्त आज बोनस' असं काही चमकत नाही. पावसाळ्यात वीज आणि वाय-फाय दोन्ही गेले तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत ऑफलाइन सामना चालू राहतो.

एक मोठी उणीव आधीच सांगायला हवी. यात बँकरोल नावाची गोष्टच नाही. प्रत्येक सामना ठरलेल्या चिप्सनी नव्याने सुरू होतो; कालचा तोटा आज दिसत नाही. आमच्या मते हीच उणीव वापरून घ्यावी. हिशेब ॲपने ठेवला की आपण आकडा बघतो आणि विसरतो. स्वतःच्या हाताने लिहिला की 'शिल्लक ७२६' हा आकडा पुढच्या सामन्यात आपल्यासोबत टेबलावर बसतो. मेन रोडवरच्या कुठल्याही दुकानातून दोनशेपानी वही आणा, तेवढं पुरे. नाशिक रोडच्या छापखान्यातली खरी नोट यात कुठेच येत नाही; वहीतल्या एककाला आपण 'गुण' म्हणू.

वहीत रकाने आठ: क्रमांक, तारीख, टेबल कुठलं (संगणक, इंटरनेट की मित्र), भरले, कितवे आलो, मिळाले, शिल्लक, शेरा. सुरुवातीची शिल्लक ११०० गुण. दहा जणांच्या टेबलाचा बायइन (सामन्यात बसायची रक्कम) २० गुण आणि त्यावर २ गुण शुल्क, म्हणजे एका सामन्याला २२. शुल्क काल्पनिक असलं तरी ते लिहायचंच. पैशांच्या प्रत्येक साइटवर असं शुल्क कापलं जायचं आणि बँकरोल कुरतडणारं मुख्य कारण तेच असायचं. बक्षिसाचा गल्ला २०० गुणांचा. पहिल्याला १००, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला ४०.

आता सेटिंग. इथे बहुतेकांची चूक होते. स्थानिक सामना सुरू करताना खेळाडू, सुरुवातीच्या चिप्स, पहिला स्मॉल ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी लावायची सक्तीची छोटी बोली; बिग ब्लाइंड तिच्या दुप्पट) आणि ब्लाइंड किती डावांनी किंवा किती मिनिटांनी वाढवायचे, हे विचारलं जातं. ब्लाइंड दरवेळी दुप्पट करायचा पर्याय आहे आणि स्वतःची यादी द्यायचाही आहे. यादीच द्या. चिप्स ३०००, स्मॉल ब्लाइंड १०, वाढ दर १२ डावांनी, आणि क्रम १५, २५, ४०, ६०, १००, १५०, २००, ३००, ४००, ६००. कारण गणितात आहे. टेबलावर एकूण ३०,००० चिप्स. दुप्पट करत गेलात तर पाच वाढींनंतर बिग ब्लाइंड ६४० होतो. पाच जण उरले असतील तर सरासरी स्टॅक (एका खेळाडूच्या समोरच्या चिप्स) ६०००, म्हणजे जेमतेम ९ बिग ब्लाइंड. तिथे ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड (पत्ते टाकणं) यापलीकडे खेळायला काही उरत नाही. वरच्या यादीने त्याच टप्प्यावर बिग ब्लाइंड २०० राहतो आणि सरासरी स्टॅक ३० ब्लाइंडचा असतो. तिथे पोझिशन (बोलीची आपली पाळी कधी येते ते) बघून रेझ करता येतो, म्हणजे बोली वाढवता येते, आणि फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) बघून पत्ते सोडता येतात. दुप्पट ब्लाइंडच्या सामन्यांवरून स्वतःचा खेळ जोखू नका. त्यात नशिबाचा वाटा फार.

'डावांच्या मध्ये थांबा' हा पर्याय चालू ठेवा. आणि वेग मध्यम. वेग सर्वांत जास्त ठेवला की माणूस नुसता माऊस दाबत सुटतो. वहीत सामने भरपूर जमतात, पण त्यातून शिकण्यासारखं काही निघत नाही.

हिशेब वाचायचा कसा, हे एका उदाहरणाने बघू. ५० सामने, भरले ११००. चार वेळा पहिले, सात वेळा दुसरे, सहा वेळा तिसरे, म्हणजे १७ वेळा बक्षीस. मिळाले ४०० अधिक ४२० अधिक २४०, एकूण १०६०. दहात तीन जणांना बक्षीस असताना ३४ टक्के वेळा बक्षिसात येणारा खेळाडू सरासरीपेक्षा बराच, आणि तरीही तो ४० गुणांनी तोट्यात आहे. परतावा उणे ३.६ टक्के. आता तेच १७ सामने, पण सात वेळा पहिले, पाच वेळा दुसरे, पाच वेळा तिसरे: मिळाले १२००, नफा १००, परतावा ९.१ टक्के. फरक फक्त शेवटच्या तिघांतल्या खेळाचा. तिसरा नंबर नक्की करून सुटकेचा श्वास सोडायचा आणि मग घाईने चिप्स लोटायच्या, या सवयीची किंमत १४० गुण अशी सरळ दिसते. 'कितवे आलो' हा रकाना म्हणूनच 'मिळाले' इतकाच महत्त्वाचा.

सुरुवातीला ११०० गुण, म्हणजे २२ चे ५० बायइन का ठेवायचे, हेही इथेच कळतं. टेबलावर सगळे सारख्याच ताकदीचे असतील तर एका सामन्यातला चढउतार, संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन, १.६७ बायइन येतो. १०० सामन्यांवर तो १६.७ बायइन, म्हणजे ३३४ गुण. शुल्कापोटी १०० सामन्यांत २०० गुण जातातच. म्हणून सरासरी खेळाडू साधारण तीनात दोन वेळा उणे ५३४ ते अधिक १३४ यांच्या मधे कुठेतरी सापडतो. काहीही न चुकता ११०० चे ५६६ होऊ शकतात! वीस बायइन, म्हणजे ४४० गुण घेऊन बसलेला माणूस या पट्ट्याच्या खालच्या टोकाला सापडला तर संपतो, आणि आपण वाईट खेळतो असा चुकीचा धडा घेऊन उठतो. सलग दहा सामने बक्षिसाबाहेर जाणंही दुर्मीळ नाही. सरासरी खेळाडूला १०० सामन्यांत असं एकदा तरी होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच आहे. ते झालं की शेऱ्यात फक्त 'दहावा' लिहा आणि नियम बदलू नका.

नियम असे. शिल्लक ६६० वर आली, म्हणजे २२ चे ३० बायइन उरले, की ११ गुणांच्या टेबलावर उतरा: १० बायइन, १ शुल्क, बक्षिसं ५०, ३०, २०. परत ११०० झाले की २२ वर या. ५५ गुणांच्या टेबलावर (५० अधिक ५, बक्षिसं २५०, १५०, १००) शिल्लक २७५० झाल्यावरच बसा, आणि पहिल्यांदा फक्त तीन सामने. तिन्ही गेले तर १६५ गुणांचा खड्डा पडतो, तेव्हा खाली येऊन तो भरून काढा. संगणकाला ११ काय आणि ५५ काय, पत्ते तेच. फरक तुमच्या वहीत आणि मनावर पडतो, आणि सराव नेमका त्याचाच करायचा आहे. टूर्नामेंट याला सोयीची आहे, कारण एका बसणीतला जास्तीत जास्त तोटा आधीच ठरलेला असतो. दिवाळीतल्या तीन पत्तीत खिशातून पुन्हा पुन्हा नोटा निघतात तसं इथे होत नाही.

शिस्त कुठे मोडते तेही स्पष्ट आहे. पहिल्या दहा डावांत चिप्स गेल्या की सामना बंद करून नवा सुरू करायचा मोह होतो, आणि सॉफ्टवेअर अडवत नाही. उपाय एकच: पत्ते वाटण्याआधी 'भरले २२' ही नोंद शाईने. पेन्सिल नको. दुसरी चूक म्हणजे शून्यावर आल्यावर वहीत परस्पर हजार गुण टाकणं. तसं करायचंच असेल तर नवं पान, नवा क्रमांक, आणि जुन्या पानावर 'बुडाला' असं तारखेसह. खरा तोटा लपवायची सवय याच ठिकाणी लागते.

संगणकाच्या खेळाडूंबद्दल भाबडं राहू नका. बक्षिसाची वाटणी तुमच्या वहीत आहे, ती त्यांना ठाऊकच नाही. ते शेवटच्या चिपसाठी खेळतात. माणूस चौथ्या नंबरवर, म्हणजे बबलवर (बक्षिसाच्या एक जागा आधी), आक्रसतो. संगणक तसा आक्रसत नाही. चार जण, प्रत्येकी ७५०० चिप्स, अशा वेळी प्रत्येकाचा बक्षिसातला वाटा ५० गुणांचा. समोरच्याने ऑल-इन केलं, तुम्ही कॉल करून (तेवढ्याच चिप्स लावून) जिंकलात तर तुमच्याकडे १५,००० चिप्स होतात, पण वाटा १०० होत नाही, ७६.७ होतो. हरलात तर शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल फायद्याचा ठरायला जिंकायची शक्यता ६५ टक्क्यांच्या वर हवी. समोरच्याकडे एक्का-राजा आहे असं गृहीत धरलं तरी सत्त्यांची जोडी साधारण ५४ टक्केच पोचते, म्हणून ती तिथे सोडायची. हे गणित पाठ झालं की वहीतले तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाचे आकडे हळूहळू जागा बदलतात.

पडद्यावर पत्त्यांच्या शक्यता दाखवणारी एक खिडकी आहे. जोडी किती टक्के, फ्लश (पाचही पत्ते एकाच प्रकारचे, जसे सगळे बदाम) किती टक्के, असं ती दाखवते. तुमचा डाव काय बनेल एवढंच त्यातून कळतं. जिंकाल की नाही ते कळत नाही. नवखे हा आकडा जिंकायची शक्यता समजून कॉल करतात. पहिल्या महिन्यानंतर ती बंदच ठेवलेली बरी. डावांची नोंद मात्र सॉफ्टवेअर ठेवतं आणि ती साध्या मजकुरात बाहेर काढता येते. ज्या डावात बाहेर पडलात तेवढाच एक डाव बघा: आत गेलात तेव्हा स्टॅक किती ब्लाइंडचा होता, आधी कोणी रेझ केला होता का, आणि पत्ते काय होते. बाकीचे डाव वाचत बसण्यात वेळ जातो.

दिसायला सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं आहे. मोबाईलच्या झगमगीत ॲपची सवय असेल तर पहिले दोन दिवस रुक्ष वाटेल. फुकट चिप्समुळे इंटरनेटवरच्या टेबलावर काही जण पहिल्याच डावात ऑल-इन करतात. त्यावर चिडू नका, चांगल्या पत्त्यांची वाट बघा, आणि त्या सामन्यांच्या शेऱ्यात तशी खूण करा. नोंदणी केली की क्रमवारीचे सामनेही मिळतात. तिथे लोक जरा जबाबदारीने खेळतात. परतावा काढताना संगणकाचे आणि माणसांचे सामने कधीही एकत्र मोजू नका. संगणकाविरुद्धचा २० टक्के परतावा फार तर हिशेबाची सवय लागल्याची खूण. पहिले ५० सामने संगणकाशी, वही पक्की करायला. पुढचे १०० माणसांशी.

कॉलेज रोडला एकाच खोलीत राहणारे चार-पाच जण असाल तर पासवर्ड लावून स्वतःचा सामना उघडता येतो. रिकाम्या खुर्च्या भरायच्या भानगडीत पडू नका, पाच जणांचंच टेबल करा. बायइन २०, गल्ला १००, बक्षिसं दोघांनाच, ६५ आणि ३५. शुल्काचे १० गुण (प्रत्येकी २) महिनाअखेर कोणाच्याच नावावर जमा करायचे नाहीत. वही प्रत्येकाची वेगळी, आणि आठवड्याने एकमेकांच्या वह्यांतल्या बेरजा दुसऱ्याने तपासायच्या. बहुतेक चुका 'शिल्लक' रकान्यात, एखादा हरलेला सामना लिहायचा राहून गेल्याच्या सापडतील.