कुड्याच्या नावाने येणारी पुडी

पावसाळ्यात पोटं बिघडायला लागली की व्हॉट्सॲपवर जाहिरात फिरू लागते: 'अस्सल कुड्याची साल, सर्व जंतुसंसर्गांवर सिद्ध.' पैसे आधी, पुडी घरपोच. फसलेल्याच्या हाती पडते ती तपकिरी पूड. कशाची, ते पुडीवर नसतंच.

कुड्याची झाडं दोन. औषधातला तो पांढरा कुडा, म्हणजे होलार्हेना. त्याच्याच कुळातला काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया, ही त्याच्यातली जुनी भेसळ. दोघांनाही पांढरी फुलं, पांढरा चीक आणि जोडशेंगा. झाड समोर असेल तर शेंग बघावी: पांढऱ्याच्या दोन्ही शेंगांची टोकं सुटी असतात, काळ्याची टोकाला एकमेकींना चिकटलेली. बियांचंही तसंच, कडू इंद्रजव पांढऱ्याचा आणि गोड इंद्रजव काळ्याचा. साल सोलून वाळवली की यातली एकही खूण उरत नाही, आणि अदलाबदल नेमकी तिथेच होते. हगवणीवर काम करणारं कोनेसीन हे अल्कलॉइड (वनस्पतीतलं औषधी द्रव्य) पांढऱ्याच्या सालीत असतं. त्यासाठी काळ्यावर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून घ्यायचीच तर पूड घेऊ नये, तुकडे घ्यावेत. खरा तुकडा उलटा, बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. बाहेरून फिकट तपकिरी, उभ्या सुरकुत्यांचा, मधूनमधून आडवे उंचवटे. आतून खडबडीत, खपल्या सुटणारा. दोन बोटांत धरून मोडा. तो कट्कन तुटतो आणि तुटलेली कड रवाळ दिसते. कडेतून धागे लोंबले तर साल दुसऱ्या झाडाची असण्याची शंका घ्या. मग तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चावून थुंकून टाका. जीभ कडवटली पाहिजे, तीही चांगलीच. पुडीत मोडून बघायला काही नसतं, आणि कडवटपणाचं म्हणाल तर मूठभर काडेचिराईत मिसळलं की भागतं. पुडीतलं कोनेसीन प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफीनेच, म्हणजे घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीनेच दिसतं. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा आणि त्यावरचा बॅच क्रमांक पुडीवरच्या क्रमांकाशी जुळवा. एकाच बॅचचा अहवाल वर्षानुवर्षं सगळ्यांना दाखवणं ही नेहमीची चलाखी.

आता 'सिद्ध' या शब्दाकडे. हगवणीवर कुड्याला आधार आहे. १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी अमीबाच्या आमांशावर कुड्याची अल्कलॉइडं वापरून पाहिली. कुर्ची (म्हणजे कुडाच) बिस्मथ आयोडाइड हे औषध त्याच काळातलं. पुढे शुद्ध कोनेसीन दिल्यावर काही रुग्णांना चक्कर, निद्रानाश, भ्रम असे त्रास झाले. १९६०च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं आणि कोनेसीन मागे पडलं. इतकं सगळं एका परजीवीबद्दल. जाहिरातीत मात्र त्याचे मूत्रमार्ग, घसा, त्वचा, फुफ्फुस असे सगळे संसर्ग होतात. पुरावा म्हणून चिकटवलेला फोटो बशीतल्या जिवाणूंचा असतो: मधे अर्काचा थेंब, भोवती मोकळं वर्तुळ. त्या बशीत अर्काची मात्रा किती होती, अर्क ज्यात काढला त्या नुसत्या अल्कोहोलच्या थेंबाभोवतीही वर्तुळ पडलं का, हे फोटो सांगत नाही. रक्तात तेवढी मात्रा पोचते का, हा तर पुढचाच प्रश्न. सुडोमोनास या जिवाणूवर कोनेसीनमुळे अँटिबायोटिक जास्त परिणाम करतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण तिथेही अँटिबायोटिक सोबत होतंच, ही गोष्ट विक्रेता सोयीने गाळतो.

मात्रेतही गोम आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम साल सांगितली आहे. २० ग्रॅम भरड सालीला सोळापट, म्हणजे ३२० मिली पाणी. मंद आचेवर अष्टमांश उरेपर्यंत आटवलं की ४० मिली राहतं. पुडीवर लिहिलेलं असतं, 'चिमूटभर, कोमट पाण्यातून'. हा हिशेब कुठून आला ते विचारून बघा.

पैसे जातात ते परवडलं. कुडा स्तंभक आहे, जुलाब बांधून धरतो. आमातिसारात, म्हणजे न पचलेला आम पडत असलेल्या जुलाबांत, सुरुवातीलाच स्तंभन करू नये, हे आयुर्वेदच सांगतो. पुडीवाला नाही सांगत. अमीबा आतड्यातून यकृतात शिरला तर शौच ठीक असतानाही ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं सुरू होतं. तेव्हा पुडीचा डोस वाढवत बसलं तर यकृतातलं गळू वाढत राहतं. शौचात रक्त, ताप, लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर ओआरएस, एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं.

फसला असाल तर उरलेली पूड फेकू नका. मूळ पुडीत कोरडी ठेवा. जाहिरातीचा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट काढा; विक्रेता नंबर बंद करण्याआधी. औषधांच्या खोट्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने मनाई आहे, तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे सुटलं नाही तर ग्राहक आयोग. त्याची मुदत दोन वर्षं.