स्टील, अ‍ॅल्युमिनियम की कार्बन? आधी टायरची जागा बघा

इंदुरात सायकल घ्यायला निघालं की पहिला सल्ला ठरलेला: स्टीलची फ्रेम मऊ चालते, अ‍ॅल्युमिनियमची हाडं खिळखिळी करते आणि पैसे असतील तर कार्बनची, म्हणजे कार्बन तंतूंची, घ्या. यात तथ्य थोडं आहे, पण क्रम चुकलेला आहे.

स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ आणि जवळपास तिप्पट जड. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची नळी जाड व्यासाची करतात. व्यास वाढला की ताठपणा झपाट्याने वाढतो. कडकपणाची बदनामी त्या जाड नळ्यांमुळे आली. 1980 च्या दशकात आयरिश सायकलपटू शॉन केली फ्रेंच कंपनी व्हिटसच्या ज्या फ्रेमवर शर्यती करायचा ती अ‍ॅल्युमिनियमचीच होती, पण नळ्या बारीक, आणि लोक ती फारच लवचिक म्हणून नावं ठेवायचे. म्हणजे धातूपेक्षा नळीचा घेर महत्त्वाचा. शिवाय फ्रेम म्हणजे त्रिकोण, तो वरून दाबला तर जेमतेम दबतो. खड्ड्यात दबतो तो टायर.

म्हणून दोन सायकली शेजारी ठेवा: एक कार्बन, रिम ब्रेकची (चाकाची धातूची कड दाबणारा ब्रेक), जिच्यात 25 मिमी रुंदीचाच टायर बसतो, दुसरी अ‍ॅल्युमिनियम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), डिस्क ब्रेक, 32 मिमीला जागा. सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर पहिली हलकी वाटेल, इंदूरजवळच्या जानापाव टेकडीच्या चढणीवरही. पण 70 किलोच्या माणसाला 25 मिमीत मागच्या चाकात साधारण 90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते. कमी भरली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. 32 मिमीत तोच माणूस 55 ते 60 वर निवांत चालतो, पुढे आणखी 4-5 कमी. राजवाड्याच्या गल्ल्या आणि गतिरोधक रोजचे असतील तर आम्ही डोळे झाकून दुसरी घेऊ.

दुकानात चालवून बघताना एक गोष्ट हमखास फसवते. एका सायकलीत हवा ठासून भरलेली, दुसरीत महिनाभर भरलेलीच नाही, आणि श्रेय जातं फ्रेमला. मोजून दोन्हींत आपल्या वजनाला योग्य हवा भरा, मगच बसा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज तेवढी भरायची नसते. रोड सायकलीला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसत नाही. छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात असू द्या.

टायरनंतर नंबर सीटपोस्टचा, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याचा. 27.2 मिमी व्यासाचा, फ्रेमबाहेर भरपूर निघालेला कार्बन पोस्ट थोडा लवतो आणि बुडाला ते कळतं, 31.6 चा जाड अ‍ॅल्युमिनियम पोस्ट जवळपास ठोकळाच. कार्बन पोस्टला ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा, आणि क्लँप त्यावर छापलेल्या टॉर्कइतकाच (आवळण्याच्या जोराइतकाच) आवळा, बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास. अंदाजाने आवळलेला पोस्ट तडकतो.

स्वस्त हायब्रिडचा (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) स्प्रिंगवाला सस्पेन्शन फोर्क मात्र टाळाच: दीड-दोन किलो जादा वजन, चढावर उभं राहून पेडल मारलं की डुलतो आणि बारीक खडखड जिरवतही नाही.

मग स्टील कुणी घ्यावं? सामान लादून लांब जाणाऱ्याने. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) घ्या, हाय-टेन हे स्वस्त स्टील तेवढंच ताठ, पण कमजोर, म्हणून नळ्या जाड भिंतीच्या आणि सायकल जड. क्रोमोलीचा सांधा तुटला तर चांगला वेल्डर तो जोडून देतो. 6061 या मिश्रधातूचं अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगनंतर उष्णता-प्रक्रिया न करता वापरलं तर सांध्याशी दुबळंच राहतं, आणि कार्बन आपटल्यावर आतली चीर वरून दिसत नाही.

स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट असेल तर पावसाळ्याआधी काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. नाहीतर दोन धातू ओलाव्यात एकमेकांना धरतात, आणि उंची बदलायची म्हटली की पोस्ट कापूनच काढावा लागतो.