प्रांत की मठ? जेझुइट आणि बेनेडिक्टाइन
जेझुइट आणि बेनेडिक्टाइन हे दोन कॅथलिक ख्रिस्ती धर्मसंघ. १५४० साली पोपची मान्यता मिळालेल्या जेझुइट संघात रोममधले जनरल, म्हणजे संघाचे प्रमुख, प्रत्येक प्रांताचा प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख, नेमतात. तो दरवर्षी संघाच्या घराघरांत जातो, एकेका सदस्याशी समोरासमोर बसतो. प्रार्थना, तब्येत, मनातली घालमेल, सगळं ऐकून घेतो. मग कोणाला शाळेत पाठवायचं, कोणाला निर्वासितांच्या छावणीत, हे ठरतं. मला ही बैठकच या रचनेचा प्राण वाटते: बदली होते ती माणूस ओळखून.

बेनेडिक्टाइनांचं उलट. संन्यासी आपल्या मठाशी आयुष्यभर बांधून राहण्याचं व्रत घेतात, मठाधिपतीही स्वतःच निवडतात. १८९३ पासून मठांचा महासंघ आहे, पण त्याच्या प्रमुखाचा हुकूम मठांवर चालत नाही. मुळं खोल रुजतात खरी. मात्र दूर कुठे अचानक गरज पडली, तर जेझुइटांची माणसं लवकर हलवता येतात.