दिवाळी अंक योजना: बेळगाव भागात वर्गणी भरण्याआधी काय बघावं

दसरा झाला की बेळगाव शहरात आणि आसपासच्या मोठ्या गावांत वाचनालयांच्या दारावर दिवाळी अंक योजनेचे फलक लागतात. ठळक अक्षरात आकडा असतो: 100 अंक, 150 अंक. वर्गणी साधारण एक-दोन अंकांच्या किमतीएवढी, शिवाय परत मिळणारी ठेव. ती भरली की मार्चअखेरपर्यंत हे अंक आळीपाळीने घरी वाचायला मिळतात. एकेका अंकाची छापील किंमत आता 200 ते 500 रुपयांच्या घरात गेली आहे. घरात वाचणारी दोन माणसं असली तरी योजना परवडते, चार असतील तर प्रश्नच नाही. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही वाचायची सवय आहे, आणि सीमाभागात आजही घरोघरी सध्या काय वाचताय असं विचारलं तर नोव्हेंबर ते मार्च ‘दिवाळी अंक’ हेच उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

पण फलकावरचा आकडा बघून पैसे भरले की हमखास पस्तावायची वेळ येते. अंक किती, हे विचारू नका. मागणी असलेल्या अंकांच्या प्रती किती आणि सभासद किती, हे विचारा.

हिशोब सोपा आहे. नोव्हेंबरात दिवाळी आली तर मार्चअखेरपर्यंत साधारण 140 दिवस मिळतात. एक अंक एका घरी सरासरी 5 दिवस राहिला, तर एक प्रत 28 घरांत फिरते. सभासद 80 आणि प्रत एकच असेल, तर उरलेल्या 52 जणांना तो अंक हंगामभर दिसत नाही. त्याच अंकाच्या 3 प्रती घेतल्या तर 84 घरं होतात, म्हणजे सगळ्यांचा नंबर लागतो. म्हणून 150 अंकांची एकेक प्रत घेणाऱ्या योजनेपेक्षा 60 अंक घेऊन त्यातल्या चांगल्या 10 अंकांच्या तीन-तीन प्रती ठेवणारी योजना कितीतरी सरस. खरेदी 80 प्रतींची होते, म्हणजे वाचनालयालाही ती स्वस्त पडते. तरीही बरीच वाचनालयं आकड्याच्याच मागे लागतात, कारण फलकावर तो चांगला दिसतो.

दुसरी गोष्ट मागणी वहीची. काउंटरवर वही ठेवलेली असेल, सभासद अंकाचं नाव आणि तारीख लिहून जात असेल आणि अंक आला की त्याच क्रमाने दिला जात असेल, तर डोळे झाकून पैसे भरावेत. वही नसेल तर अंक ओळखीने फिरतात. काउंटरखाली बाजूला काढून ठेवलेला गठ्ठा दिसला की समजायचं. तिसरी गोष्ट वेळेची. नोकरीवाल्यांना सकाळची 10 ते 1 ही वेळ काही उपयोगाची नाही. संध्याकाळी 5 ते 8 आणि रविवारी निदान अर्धा दिवस वाचनालय उघडं हवं. खानापूर किंवा कडोलीकडून बाजाराला येणाऱ्या माणसाला एका वेळी दोन अंक देण्याची सवलत आहे का, तेही विचारून घ्या. एकाच अंकासाठी दर पाच दिवसांनी बसभाडं घालणं कुणालाच जमत नाही.

पहिल्या आठवड्यात कपाट निम्मंच भरलेलं दिसलं तर लगेच नाराज होऊ नका. बहुतेक अंक मुंबई-पुण्याहून येतात. काही वसुबारसेआधी हातात पडतात, तर काही तुळशीच्या लग्नानंतर. तुळशीचं लग्न उलटूनही फलकावरच्या नावांपैकी बरीच गायब असतील, तर मात्र ती नावं मागच्या वर्षीच्या यादीतून उतरवलेली असण्याचा संभव आहे. मग आलेल्या अंकांची यादी मागा. नोंदवहीत प्रत्येक अंकाला क्रमांक पडलेला असतो, त्यामुळे यादी द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता लोकांचं मत. ते जाणून घ्यायचं तर अंकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखेची पट्टी बघावी. गेल्याची आणि आल्याची तारीख वाचनालयाने दोन्ही घातली असेल तर ती पट्टी कुठल्याही परीक्षणापेक्षा प्रामाणिक असते. दुसऱ्याच दिवशी परत आलेला अंक चाळून सोडलेला. सात-आठ दिवस राहून वर दंड भरून आलेला अंक शेवटच्या पानापर्यंत वाचलेला. पट्टीवर शिक्केच शिक्के आहेत पण प्रत्येकामध्ये दीड-दोन दिवसांचंच अंतर, असा अंक नावावर खपतोय, मजकुरावर नाही. पानंही बोलतात. पाककृतींच्या पानावर हळदीचं बोट, शब्दकोडं पेनाने भरलेलं, वार्षिक भविष्यात नेमकी एखादी रास दुमडलेली. मधला परिसंवाद मात्र छापखान्यातून आला तसा कडक, पान पानाला चिकटलेलं. बऱ्याच अंकांत हेच चित्र दिसतं आणि त्याचं कारणही पट्टीइतकंच सरळ आहे: सहा जणांचे लेख, विषय एक, आणि पहिल्या दोघांनी म्हटलेलंच पुढचे चौघे म्हणतात.

मागणीचा क्रम दरवर्षी जवळपास सारखाच असतो. भविष्याचे अंक पहिल्यांदा उडतात, जानेवारी लागला की त्यांना कुणी विचारत नाही. त्याच सुमाराला विनोदी अंक जोरात असतात. ‘आवाज’ची खिडकी-चित्रं हे त्यातलं जुनं आकर्षण: वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून एक चित्र दिसतं, पान उलटलं की वेगळंच निघतं. घेताना ती खिडकी शाबूत आहे का ते काउंटरवरच बघा. दहा घरं फिरलेल्या प्रतीत ती कोपऱ्यातून फाटते, आणि दंड शेवटच्या हातावर पडतो. रहस्यकथांसाठी ‘धनंजय’ आणि ‘चंद्रकांत’ मागणारा वाचक वेगळाच. तो दुसऱ्या अंकाला हात लावत नाही, पण हे दोन मिळेपर्यंत रोज फेरी मारतो. अद्भुत आणि गूढाची आवड असणारे ‘नवल’कडे जातात.

जड समजल्या जाणाऱ्या अंकांची पाळी त्यानंतर येते. गावांत याला आणखी एक कारण आहे. दिवाळी संपते न संपते तोच भाताची सुगी सुरू होते, आणि मळणी उरकेपर्यंत कुणाला पुस्तक हातात घ्यायला सवड नसते. खानापूर तालुक्यात खरं वाचन सुरू होतं ते मार्गशीर्षात. तेव्हा ‘मौज’, ‘अक्षर’, ‘साधना’, ‘ऋतुरंग’ यांना वाचक मिळतो, आणि तो टिकून वाचतो. ‘ऋतुरंग’सारखा एकाच विषयाभोवती बांधलेला अंक सलग वाचू नये, रोज दोन लेख पुरे, नाहीतर सगळे लेख एकमेकांत मिसळून जातात. ‘साधना’चा अंक आधी अनुक्रमणिका बघून दीर्घ लेखापासून धरावा. कथांसाठी अंक घेत असाल तर अनुक्रमणिकेत कथा किती पानांच्या आहेत ते मोजा. 4-5 पानांच्या बारा कथांपेक्षा 12-15 पानांच्या चार कथा असलेला अंक बहुधा जास्त समाधान देतो, कारण संपादकाने लेखकाला जागा दिलेली असते. कवितांची पानं मात्र सगळीकडे कोरीच परत येतात. कवयित्री इंदिरा संतांचं वास्तव्य ज्या बेळगावात होतं तिथे असं व्हावं, याचं वाईट वाटतं.

बांधणी हा या योजनेचा सगळ्यात कच्चा दुवा. दिवाळी अंक घरी एकदा वाचायला म्हणून बांधलेला असतो, पंचवीस घरांत फिरायला नाही. कणा नुसत्या गोंदावर असतो. आडवं पडून, अंक मधोमध उलटा दुमडून वाचला की गोंदाला चीर जाते आणि तिथून पानांचा गठ्ठाच सुटतो. वर जाहिरातींचा गुळगुळीत कागद गोंद नीट धरत नाही, त्यामुळे तीच पानं आधी गळतात. जाणकार वाचनालयं अंक फिरवण्याआधी कण्यापासून अर्ध्या सेंटीमीटरवर दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून घेतात. यात एक तोटा होतो. आतला समास आधीच अरुंद असेल तर ओळींची सुरुवात शिलाईत जाते आणि अंक जोर लावून उघडावा लागतो. तरीही न शिवलेल्यापेक्षा शिवलेला बरा. जानेवारीत न शिवलेल्या प्रतीतून हमखास काहीतरी गेलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा कथेचं शेवटचं पान असतं.

तुमच्याकडे असताना पान सुटलंच तर सेलोटेप लावू नका. ती वर्षभरात पिवळी पडते आणि काढताना छपाईसकट कागद उचलते. काडेपेटीच्या काडीने पानाच्या आतल्या कडेवर फेविकॉलची बारीक रेघ ओढा, पान कण्यात सरळ बसवा, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. फेविकॉल जास्त झाला तर शेजारची पानंही चिकटतात, तेवढं सांभाळा. आणि अंक परत देताना हे सांगा. लपवलं तर पुढच्याला दंड बसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ प्रती हा पर्याय धरू नये. तो चोरीचा माल आहे, शिवाय दोन रकान्यांचं मोठं पान मोबाइलवर बोटांनी ओढत वाचताना अर्ध्या तासात डोळे दुखतात.

जवळ वाचनालयच नसेल तर गल्लीत साखळी करता येते. आठ घरं, प्रत्येकाने वेगळा अंक विकत घ्यायचा, दर रविवारी अंक उजवीकडच्या घरी द्यायचा. आठ आठवड्यांत आठही अंक सगळ्यांचे वाचून होतात, आणि आपला अंक आपल्याकडे परत येतो. साखळी तुटते ती एका घराने अंक अडवला म्हणून. मग पुढची घरं एकामागून एक रिकामी बसतात. त्यासाठी आठ घरांनी वर्गणी काढून नववा अंक घेऊन ठेवावा, म्हणजे ज्याच्याकडे खाडा पडेल त्याला तो देता येतो. कुणी कुठला अंक घ्यायचा हे आधी ठरवलं नाही तर तीन घरांत भविष्याचेच अंक येतात.

मुलांसाठी बालभारतीचा ‘किशोर’ योजनेत आहे का ते जरूर बघा. 1971 पासून तो निघतो, आणि किंमत कमी असल्याने विकतही घ्यायला हरकत नाही. इथली बरीच मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण वाचताना जोडाक्षरांना अडखळतात, आणि देवनागरी हिंदीतून शिकलेली असल्यामुळे ‘ळ’ला तर थांबतातच. त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी कथा देऊ नये. आधी चित्रांखालच्या ओळी, कोडी, विनोद, मग एका पानाची गोष्ट मोठ्याने वाचून घ्यावी. चार दिवसांचा अंक या मुलांना दहा दिवस लागतो. बालविभागाला वेगळी मुदत देणारं वाचनालय सापडलं तर ते सोडू नका.

मार्चअखेरीस ठेव परत घ्यायला जाल तेव्हा पावती लागते, ती अंकातच खूण म्हणून ठेवून हरवू नका. त्याच सुमाराला बरीच वाचनालयं फिरून झालेले अंक नाममात्र किमतीला काढतात. घेण्याआधी पानांचे क्रमांक मधल्या भागात सलग आहेत का, तेवढं तपासून घ्या.