रोमानियन चित्र घेताय? आधी मागची चिठ्ठी वाचा

बनावट निघालेल्या एका चित्रापायी माझे एकूण ७,८३० लेई (रोमानियाचं चलन) गेले. चित्राचे ६,४००, प्रमाणपत्राचे ९००, चौकटीचे ३५०, कुरियरचे १८०. रोमानियातल्या क्लूज शहरात राहणाऱ्या आणि जुनी चित्रं घेणाऱ्या मराठी मंडळींनी हे नीट वाचा.

चित्र उत्तर रोमानियातल्या मारामुरेशकडचं म्हणून विकलेलं. कुरणात खांबाभोवती रचलेल्या तीन गवताच्या गंजी, लाकडी कुंपण, मागे टेकड्या, माणूस एकही नाही. कॅनव्हासवर तैलरंग, साल १९५८. विक्रेता म्हणाला, आजोबांचं घर रिकामं करायचंय, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, पैसे आजच हवेत. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

डोळ्यांसमोर होती ती चित्राच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी. वर देशाच्या नावाचा शिक्का, खाली टाइप केलेलं ‘उलेई पे पिंझा’, म्हणजे कॅनव्हासवर तैलरंग. ‘पिंझा’तला पहिला स्वर रोमानियनमध्ये दोन अक्षरांनी लिहिता येतो, टोपीवाला ‘ए’ (â) किंवा टोपीवाला ‘आय’ (î). उच्चार एकच. १९५३ च्या शुद्धलेखन सुधारणेत टोपीवाला ‘ए’ हद्दपार झाला. साठच्या दशकाच्या मध्याला तो फक्त ‘रोमानिया’ आणि त्याच कुळातल्या शब्दांत परत आला, बाकी शब्दांत थेट १९९३ मध्ये. म्हणजे १९५८ साली देशाचं नावसुद्धा टोपीवाल्या ‘आय’नेच. आमच्या चिठ्ठीवर दोन्हीकडे ‘ए’! हाताने लिहिलेलं असतं तर जुनी सवय म्हणता आलं असतं. सरकारी शिक्क्यात ते चालत नाही.

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. दोनदा! पण आपण शिकतो ती १९९३ नंतरची रोमानियन, म्हणून ते बरोबरच दिसलं. यात मूर्खपणा नव्हता, आणि फसवणाऱ्याचाही नेमका तोच हिशेब होता.

बाकीच्या खुणा नंतर सापडल्या. कॅनव्हासची मागची बाजू सगळीकडे सारखी तपकिरी, चहाच्या पाण्याने रंगवल्यासारखी. खऱ्या जुन्या कॅनव्हासवर चौकटीच्या लाकडाआड झाकलेला पट्टा फिकट राहतो, कारण तिथे धूळ आणि उजेड पोचत नाही. लाकूड जरा सैल करून तेवढं बघाच. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली धागे निळसर पांढरे चमकले, म्हणजे कापडात चमक आणणारं आधुनिक रसायन. सही दहापट भिंगातून पाहिली तर तिचा रंग भेगांत उतरलेला. आधी भेगा, मग सही. गंजींवरच्या जाड थरात नख रुतत होतं. सत्तरीकडे झुकलेला तैलरंग असा मऊ राहत नाही.

प्रमाणपत्र विक्रेत्याच्याच ओळखीच्या माणसाचं. संस्कृती मंत्रालयाने मान्यता दिलेले तज्ज्ञ वेगळे असतात. तज्ज्ञ तुम्ही निवडा, विक्रेत्याला निवडू देऊ नका.

आता तक्रारीचं. पोलिसांनी सांगितलं, हा दिवाणी वाद आहे. ग्राहक खात्यात गेलो तर विक्रेता दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, म्हणून चौदा दिवसांत माल परत करण्याचा हक्क लागू नाही. पुन्हा पोलीस. या वेळी म्हणाले, बनावट असल्याचा अहवाल आणा. अहवाल स्वखर्चाने. तो आणायला निघालो तर तिसऱ्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, आधी गुन्हा नोंदवा, मग अहवाल ग्राह्य. अकरा फेऱ्या मारल्या, हातात एक पोचपावतीसुद्धा नाही. अकरा! पैसे रोख दिलेत तर तेवढंही दार बंद. बँकेतूनच द्या, आणि व्यवहाराच्या तपशिलात चित्राचं नाव, साल, माप लिहा.

देशाबाहेर न्यायचं असेल तर जिल्ह्याच्या संस्कृती विभागाचं निर्यात प्रमाणपत्र लागतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. विक्रेता ‘गरज नाही’ म्हणाला तर लेखी घ्या.

गेल्या आठवड्यात त्याच टाइपाची चिठ्ठी लावलेलं आणखी एक चित्र विक्रीला आलंय. गाव, विहीर, साल १९६१, किंमत ५,९००. ‘पिंझा’ पुन्हा टोपीवाल्या ‘ए’ने. पोलिसांना फोटो नेऊन दाखवला. म्हणाले, ते विकत घेणाऱ्याने तक्रार करायला हवी.